वाडा, कारखाना, मंत्रालय: निळू फुले यांच्या खलनायकामागचा इतिहास

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नकलांचा कार्यक्रम असला, की निळू फुले येतातच. ओठाचा कोपरा एका बाजूला ओढायचा, मान जराशी कलती ठेवायची, आवाज घशात दाबून शब्द रेंगाळवायचे आणि कुठल्यातरी बाईला वाड्यावर बोलवायचं. टाळ्या ठरलेल्या. ज्यांनी फुल्यांचा एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही, त्यांनाही ही नक्कल पाठ असते. मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदी चित्रांनी तर तिला नवं आयुष्यच दिलं आहे. नकलेबद्दल तक्रार नाही, ती नटाला मिळालेली पावतीच असते. पण तिच्यात राहतो तो फक्त बाईलवेडा पाटील. त्या पाटलाला मराठी प्रेक्षक इतका का घाबरला, हे समजून घ्यायचं तर वाड्याबाहेर पडून थोडं राजकारणात शिरावं लागतं. फुले स्वतः तिथूनच आले होते.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या आसपासचा, पुण्यातला. घरची परिस्थिती बेताची. ऐन तारुण्यात ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करू लागले. पगार ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा दरमहा राष्ट्र सेवादलाला. रोपवाटिका काढायचं त्यांच्या मनात होतं. भांडवलाअभावी ते राहून गेलं. सेवादल मात्र सुटलं नाही. समाजवादी विचाराच्या या संघटनेचं कलापथक तेव्हा गावोगाव फिरत असे. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसं त्यात होती. तमाशाचा घाट घ्यायचा, गण, बतावणी, वग सगळं तसंच ठेवायचं आणि आत माल भरायचा तो चालू राजकारणाचा, अशी ती रीत. पु. ल. देशपांडे यांचं 'पुढारी पाहिजे' आणि व्यंकटेश माडगूळकरांचं 'बिन बियाचं झाड' ही लोकनाट्यं याच वातावरणातली, आणि फुले दोन्हींत होते. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही त्याच गोतावळ्यातले. पुढे मराठी पडद्यावर आणि रंगमंचावर बहुजनांची भाषा घेऊन आलेली ही माणसं एकाच अंगणात तयार झाली, याची नोंद आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला होता. त्या वेळी फुल्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं. म्हणजे पडद्यावर पहिलं पाऊल टाकण्याच्या अकरा वर्षं आधीच हा माणूस पुढाऱ्यांची टिंगल करण्यात मुरलेला होता. लोकनाट्यात टिंगल करायची तर पुढारी नीट न्याहाळावा लागतो. तो बोलताना कुठे थांबतो, कार्यकर्त्याकडे न बघताच त्याला कसा कामाला लावतो, गरिबाच्या खांद्यावर हात ठेवून त्याची मान कशी अडकवतो, हे दिसल्याशिवाय नक्कल उभी राहत नाही. शिवाय समोरच्या प्रेक्षकाने मध्येच काही टाकलं, तर तिथल्या तिथे परतवावं लागतं. हे शिक्षण फुल्यांना फुकट मिळालं.

शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव महाराष्ट्रभर नेलं. त्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले, असं सांगतात. मग १९६८ मध्ये अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' आला आणि त्यातला झेलेअण्णा. तिथून पुढे मराठी चित्रपटाला हवा तेव्हा वापरता येणारा खलनायक सापडला.

पाटील हा खलनायक काही फुल्यांनी शोधलेला नाही. तमाशापटांत तो आधीपासून होताच. याच अनंत मान्यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला, त्या कथेच्या मुळाशी पाटलाने केलेला अत्याचारच आहे. पण तो पाटील वतनाच्या जोरावर माजलेला. त्याच्या अंगात सत्ता होती, कारण बापाच्या अंगात होती.

इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. सारावसुली पाहणाऱ्या मुलकी पाटलाचं पिढीजात पद महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने बंद केलं. झेलेअण्णा पडद्यावर आला तो त्यानंतर सहा वर्षांनी. कागदावर पाटीलकी संपली आणि पडद्यावर पाटलांचा सुकाळ झाला! कारण गावातली सत्ता संपली नव्हती, तिने फक्त पत्ता बदलला होता. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पन्नासच्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना पश्चिम महाराष्ट्राचा कित्ता ठरला होता. या सहकाराने दुष्काळी गावांत पैसा आणला, शाळा-कॉलेजं आणली, हे खरंच. त्याबरोबर चेअरमन नावाचा नवा धनी आला, हेही खरं. कुणाचा ऊस कधी तुटणार, कुणाच्या पोराला नोकरी लागणार, सोसायटीचं कर्ज कुणाला मिळणार, हे त्याच्या हातात. लोक त्याला मतं देऊन निवडत आणि तरीही त्याच्यापुढे पायताण काढून उभे राहत.

हा नवा माणूस कसा बोलतो, कसा बसतो, हे मराठी नटांमध्ये फुल्यांना पुरतं माहीत होतं. 'सामना'तल्या हिंदुराव धोंडे पाटलात तो पहिल्यांदा अख्खा दिसला. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. गोष्ट अशी, की दारूच्या आहारी गेलेला एक भणंग मास्तर हिंदुरावांच्या गावी येऊन पडतो. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतात, पाहुणचार करतात, साखर कारखान्यासह आपलं सगळं साम्राज्य दाखवतात. आणि मग मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारू लागतो, मारुती कांबळेचं काय झालं?

मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू यांच्याकडे प्रश्न आहे, सगळं नैतिक वजन आहे. फुल्यांकडे काय आहे? अघळपघळ आतिथ्य. हिंदुराव ओरडत नाहीत. ते हसतात, मास्तरला पाजतात, त्याची थट्टा करतात आणि स्वतःचीही करून घेतात. लोकनाट्यातला सोंगाड्या बतावणीत जी लय धरतो, तीच लय फुल्यांनी इथे इतकी हळू केली आहे की विनोदाची धमकी कधी झाली ते कळत नाही. मास्तरला मारायचं की मोठं करायचं, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत सतत चाललेला असतो. शेवटाकडे तर हिंदुराव हळूहळू एकटे पडतात आणि आपण या माणसाचा राग करत होतो हे क्षणभर विसरायला होतं. खलनायकाला इतकी जागा द्यायची तर लेखक तेंडुलकर लागतात, हे कबूल. पण ती जागा भरायला फुलेच लागले.

तेंडुलकर आणि फुले यांची गाठ त्याआधी रंगमंचावर पडली होती. 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी उभं केलं आणि सखाराम फुल्यांचा. टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा हा बुकबाइंडर पहिल्याच प्रवेशात नव्याने आणलेल्या लक्ष्मीला घराचे नियम ऐकवतो: दोन वेळचं जेवण, लुगडी किती, डोक्यावर पदर, आणि पटलं नाही तर लुगडं, पन्नास रुपये आणि हवं तिथलं तिकीट. करार वाचावा तसा. सखारामाला आपण दुष्ट आहोत असं मुळीच वाटत नाही. लग्न करून बायकोला गुरासारखं मारणाऱ्या नवऱ्यांपेक्षा आपण सरळ आहोत, अशी त्याची खात्री आहे. ही खात्री प्रेक्षकालाही काही काळ पटली पाहिजे, नाहीतर नाटक कोसळतं. लालन सारंगांची चंपा घरात आल्यावर हाच माणूस वितळतो, पुढे भेदरतो आणि शेवटी खून करून बसतो. नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, कात्री चालवली, मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन सुटलं. त्या गदारोळात फुल्यांच्या कामाविषयी बोलायचं थोडं राहूनच गेलं.

१९७२ मध्येच व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा'ही आला. मग वर्षाला कितीतरी चित्रपट, आणि त्यातले बरेचसे एकाच साच्याचे. धोतर, टोपी, हातात काठी, बाजूला दोन टगे. 'हऱ्या नाऱ्या जिंदाबाद', 'सामना' आणि 'चोरीचा मामला' या चित्रपटांसाठी त्यांना राज्य पुरस्कार मिळाले. पण ज्या निर्मात्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा वाड्यात कोंडलं, त्यांनी पैसे मिळवले आणि एका मोठ्या नटाची बरीच वर्षं वाया घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. गावाकडच्या बायका त्यांना बघून बोटं मोडत, हा किस्सा सगळे कौतुकाने सांगतात. त्याला जोडूनच 'पडद्यावर दुर्जन, प्रत्यक्षात सज्जन' हे ठेवणीतलं वाक्यही येतं. खरं असलं तरी ते फार सोपं आहे. सज्जनपणामुळे कुणाला हिंदुराव करता येत नाही.

साच्याबाहेर जायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय केलं ते बघावं. जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' नाटकात ते गांधीवादी आप्पाजी झाले. मुलगाच सत्तेवर आणि बाप त्या सत्तेच्या भ्रष्टाचाराविरुद्ध उभा. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तर उलटापालट पुरी झाली. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, आणि फुले पत्रकार दिगू टिपणीस. गावची सत्ता आता मुंबईत मंत्रालयात पोचलेली, आणि तिच्या खोड्या जन्मभर पाहिलेला नट तिथे केवळ साक्षीदार. दिगू फारसं बोलत नाही, ऐकतो. चित्रपटभर साठवलेलं सगळं शेवटी त्याच्या वेडसर हसण्यातून बाहेर येतं. वाड्यावरचं ते छद्मी हसू ओळखीचं असलेल्या प्रेक्षकाला हे दुसरं हसू फार वेगळं लागतं.

हिंदीने त्यांना तुकड्या-तुकड्यांत वापरलं. 'कुली', 'मशाल' वगैरे. 'सारांश'मध्ये मात्र त्यांचा गजानन चित्रे हा मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात दहशत घेऊन शिरणारा राजकारणी होता. धोतर गेलं, शहर आलं, माणूस तोच.

सेवादलाचा धागा शेवटपर्यंत तुटला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला, तेव्हा आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव लावले गेले. त्यात डॉ. लागूंबरोबर फुलेही उभे राहिले. १९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. अन्ननलिकेच्या कर्करोगाने १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होता 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा.