डोळे कुणाचे बांधायचे?

आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ हे १९५३ सालचं नाटक अमेरिकेतल्या सेलम गावातल्या चेटकिणींच्या खटल्यांवर आहे. त्याच्या तिसऱ्या अंकात मेरी वॉरन ही मोलकरीण कोर्टात कबूल करते, की आम्ही मुलींनी चेटूक झाल्याचं नुसतं सोंग केलं होतं. मग आत्ता इथे बेशुद्ध पडून दाखव, असं तिला फर्मावलं जातं. तिला ते जमत नाही आणि कोर्ट तिच्यावरच संशय घेतं. पण ती पडली असती तरी? सैतानाने पाडलं म्हणायला कोर्ट मोकळंच होतं.

नाटकातल्या न्यायाधीश डॅनफर्थचा युक्तिवाद असा: चेटूक हा मुळातच न दिसणारा गुन्हा. त्याचे साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिचा बळी. चेटकीण स्वतःवर आळ घेणार नाही, तेव्हा बळीचंच ऐकायचं. ऐकताना हे पटतं, म्हणूनच ते भयंकर आहे. आरोपी निर्दोष असेल तर काय वेगळं दिसायला हवं, हा प्रश्नच त्यात कुठे नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये १६९२ साली खरोखर हेच झालं. १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी हा आरोपी दगडांच्या वजनाखाली मेला. कबुली देणारे बहुतेक वाचले, नाही म्हणणारे फासावर गेले. अशा ठिकाणी खोट्या कबुलीजबाबांचा पाऊस पडला नसता तरच नवल. अरगट या बुरशीने विटलेल्या राय या धान्यामुळे मुलींना भास झाले, असं १९७६ साली मांडलं गेलं. त्याच वर्षी ते खोडूनही निघालं. बुरशीने मुलींच्या झटक्यांचं कोडं सुटलं असतं तरी कोर्टाच्या वागण्याचं सुटत नाही.

सेलमजवळच्या अँडोव्हरमध्ये स्पर्शाची चाचणी झाली. झटके आलेल्या मुलींना आरोपी बायकांचा हात लावायचा. मुलगी शांत झाली की गुन्हा सिद्ध. त्यासाठी डोळे बांधले ते आरोपींचे! कुणाचा हात लागतोय हे मुलींना स्वच्छ दिसत होतं. आज औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कुठली हे रुग्णापासून लपवतात, कारण अपेक्षेनेही अंगात फरक पडतो आणि त्यात लबाडी असेलच असं नाही.

ही युक्ती तेव्हा कुणाला सुचली नव्हती, असंही नाही. इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्सला १६६२ साली एमी ड्युनी आणि रोझ कलेंडर यांच्यावर खटला चालला. काही प्रतिष्ठितांनी पीडित मुलीचे डोळे एप्रनने झाकले आणि एमीऐवजी भलत्याच बाईचा हात तिला लावला. मुलीने तेच केलं जे एमीच्या स्पर्शाने करायची. हे निव्वळ ढोंग आहे, असं ते भर कोर्टात म्हणाले. मुलगी फसली असेल, चेटकिणीनेच हात लावला असं तिला वाटलं असेल, अशी सारवासारव तिच्या वडिलांनी केली. अपेक्षेने झटका येतो, हेच तर त्यांनी मान्य केलं! तरीही न्यायाधीश मॅथ्यू हेलच्या कोर्टात दोघी दोषी ठरल्या आणि फासावर गेल्या. सेलममध्ये दाखला दिला गेला तो याच खटल्याचा.

ऑक्टोबर १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर फिप्स याने सेलमच्या खटल्यांसाठी बसवलेलं खास न्यायालय बंद केलं. जानेवारीत नवं न्यायालय बसलं आणि ‘तिची छाया मला छळते’ ही साक्ष त्याने ग्राह्य धरली नाही. बहुतेक सगळे आरोपी सुटले. तिघं दोषी ठरले. त्यांची फाशी फिप्सने थांबवली.