स्थानिक व्यवसाय-संपर्क आणि ऑनलाइन ओळख (महाराष्ट्र)

छोटा दुकानदार, कारागीर, दुरुस्ती करणारा, घरगुती पदार्थ विकणारी गृहिणी असे लोक आपल्या परिसरातल्या गिऱ्हाइकांशी आणि एकमेकांशी जे संबंध जोडतात, त्यांना स्थानिक व्यवसाय-संपर्क म्हणता येईल. तीच ओळख नकाशा, व्हॉट्सॲप, समाजमाध्यमे यांच्यावर उभी केली की ती ऑनलाइन ओळख. महाराष्ट्रात या दोन गोष्टी वेगळ्या काढणे कठीण आहे. प्लंबरचा नंबर आजही शेजाऱ्याला विचारूनच मिळतो. फक्त हा प्रश्न आता जिन्यात न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला जातो. माध्यम कोणतेही असो, गिऱ्हाईक एकच गोष्ट शोधत असते: या माणसाबद्दल शब्द कोण देतो?

केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. येथे ज्यांचा विचार केला आहे ते बहुतेक व्यवसाय या मर्यादेच्या फार खाली आहेत. एक गाळा, एक-दोन माणसे, आणि जाहिरातीसाठी वेगळा पैसा नाही.

जुनी जाळी

बाजारपेठेतल्या ओळखीचे सर्वांत चिवट रूप म्हणजे भिशी. दहा-वीस व्यापारी दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि चिठ्ठी काढून किंवा बोली लावून ती एकाला देतात. वरवर पाहता हा पैशांचा व्यवहार. पण दर महिन्याला ज्याच्याकडून वेळेवर हप्ता येतो त्याच्या शब्दाची पारख आपोआप होते, आणि मग त्याला माल उधारीवर मिळतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवले जाते. भिशीत हप्ता बुडवणाऱ्याची बातमी पेठेत संध्याकाळपर्यंत पोहोचते.

जाहिरातीचे मार्गही असेच ओळखीतून आलेले. गणेशोत्सव मंडळाच्या अहवालात पाव पान, मांडवाच्या कमानीवर दुकानाचे नाव, दिवाळी अंकात ‘हार्दिक शुभेच्छा’. यातून गिऱ्हाईक किती वाढले हे कोणी मोजत नसे. वर्गणी मागायला आलेल्या मुलांना ‘नाही’ म्हणणे परवडत नसे, हे त्यामागचे खरे कारण. तरीही त्याचा उपयोग होता. दुकान या वस्तीचे आहे, हे त्यातून सांगितले जाई.

संघटित व्यापारी संस्था महाराष्ट्रात जुन्या आहेत. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले आणि १९३४ मध्ये अ. रा. भट यांनी पुण्यात मराठा चेंबर सुरू केले. करप्रश्न, धोरणे आणि कारखानदारी हा त्यांचा मुख्य प्रांत. चपला शिवणाऱ्याला किंवा किराणावाल्याला जवळची वाटे ती आपल्या रस्त्याची व्यापारी संघटना.

संदर्भ गट

व्यावसायिकांनी ठरवून, नियमाने एकत्र बसायचे आणि एकमेकांना काम मिळवून द्यायचे ही कल्पना अमेरिकेतून आली. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या रोटरीचा आरंभीचा एक हेतू सभासदांचा आपसांतला व्यापार हाच होता. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून ते नाव. समाजसेवा हा रोटरीचा मुख्य चेहरा पुढे बनला. व्यापाराचा धागा उघडपणे उचलला तो इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआयने (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल). एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस, आठवड्याला एक सभा, तीही बहुधा भल्या सकाळी, प्रत्येकाला आपले काम सांगायला थोडका वेळ, आणि नंतर ‘अमक्याला कॅटरर हवा आहे’ अशा संदर्भांची देवाणघेवाण. भारतातल्या शहरांत या गटांनी चांगलाच जम बसवला आहे.

मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी स्थापन केलेला सॅटर्डे क्लब याच वाटेने जातो. त्याचे ब्रीद ‘एकमेकां साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत’ असे आहे. तुकोबांच्या ‘अवघे धरू सुपंथ’ला इतका मोकळा व्यापारी वळसा देणे ही मराठी मनाला जरा धीटच गोष्ट. पैसा मिळवण्याविषयी चारचौघांत बोलायला संकोचणाऱ्या समाजात त्या धीटपणाची गरजही होती.

अशा गटांचा फायदा सर्वांना सारखा होत नाही. ज्यांचे एकेक काम मोठ्या रकमेचे आणि विश्वासाचे असते, म्हणजे घराची अंतर्गत सजावट, सनदी लेखापाल, विमा, छपाई, लग्नाचे केटरिंग, त्यांना वर्षातली दोन-चार कामे मिळाली तरी वर्गणी वसूल होते. वडापावच्या गाडीला किंवा स्टेशनरीच्या दुकानाला इतके थोडे संदर्भ मिळून काहीच होत नाही. त्यांना रोज शे-दोनशे अनोळखी पावले हवी असतात. दुसरी अडचण अशी की गटात दिला जाणारा संदर्भ कधी कधी कामाच्या दर्जावर न ठरता ‘या आठवड्यात आपणही काही द्यायला हवे’ या भिडेवर ठरतो. पाठवलेल्या माणसाने काम बिघडवले तर नाव पाठवणाऱ्याचे जाते. म्हणून जुने सभासद आधी स्वतःचे छोटे काम त्याच्याकडून करून घेतात आणि मगच नाव पुढे करतात.

फोनपासून नकाशापर्यंत

अनोळखी गिऱ्हाइकाला दुकान सापडण्याची सोय आधी फोनवर झाली. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या जस्ट डायलला फोन करून ‘दादरला घड्याळ दुरुस्ती’ म्हटले की नाव-पत्ते मिळत. स्मार्टफोन आल्यावर हे काम बव्हंशी नकाशाने घेतले. गूगलने २०१४ मध्ये छोट्या व्यवसायांसाठी ‘गूगल माय बिझनेस’ ही सेवा आणली. २०२१ पासून तिचे नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ आहे. तिला पैसे पडत नाहीत. तरीही ‘तुमचे लिस्टिंग बंद होणार, लगेच पैसे भरा’ असे फोन दुकानदारांना येतात, आणि ते फसवणुकीचे असतात.

नकाशावर कोण वर दिसेल हे तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल सांगते: शोधलेल्या गोष्टीशी व्यवसायाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. अंतर दुकानदाराच्या हातात नसते. मेळ मात्र बराचसा असतो, आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. गिरणीची नोंद नुसती ‘दुकान’ अशी केली की ‘पिठाची गिरणी’ शोधणाऱ्याला ती दिसत नाही. उलट काही जण पाटीवर नसलेले शब्द नावात कोंबतात: दुकानाचे नाव, त्यापुढे ‘बेस्ट प्लंबर’, त्यापुढे उपनगर. हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते.

वेळा हा आपल्याकडचा खास प्रश्न. पुण्यातली दुपारची बंद दारे हा विनोदाचा विषय असला तरी नकाशावर ‘सकाळी ९ ते रात्री ९’ असे लिहून १ ते ४ कुलूप लावणे हे गिऱ्हाइकाला उन्हात उभे करणे आहे. एका दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा भरायची सोय आहे, ती फार थोडे वापरतात. साप्ताहिक सुट्टीही जागेनुसार बदलते. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ती गुरुवारी असते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते.

पत्त्याची कथा वेगळीच. ‘मारुती मंदिरासमोर, जुन्या टाकीजवळ’ हा पत्ता गावातल्या माणसाला पुरतो, यंत्राला पुरत नाही. देशाला सहा आकडी पिन कोड मिळाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत आणि मराठीत लिहिणारे कवी होते. पिन कोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण देतो. व्यवहारात मात्र ‘लोकेशन पाठव’ हे दोन शब्दच अजून पुरतात. त्यासाठी नकाशावरची खूण दुकानाच्या दारात आहे की मागच्या बोळात, हे दुकानदाराने एकदा स्वतः चालत जाऊन पाहिले पाहिजे.

घरून डबे देणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना घराचा पत्ता जगजाहीर करायचा नसतो. त्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. अनेकींना ही सोय माहीत नसल्याने त्या नकाशावर येतच नाहीत.

नावाचे लेखनही महत्त्वाचे. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे पाट्या मराठी झाल्या, पण नकाशावरची नावे पुष्कळदा रोमन लिपीतच राहिली, आणि तीही पाटीवर एक, बिलावर दुसरी, यूपीआयच्या क्यूआरवर मालकाच्या नावाने तिसरी. गिऱ्हाईक पैसे देताना अनोळखी नाव पाहून थबकते.

अभिप्राय

नकाशावर शब्द देणारे लोक अनोळखी असतात, म्हणून तारे आणि अभिप्राय. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. सूट देऊन अभिप्राय लिहवून घेणे गूगलच्याही नियमात बसत नाही. असे असूनही विकतचे अभिप्राय सर्रास दिसतात, आणि ओळखूही येतात: एकाच आठवड्यात आलेले, एकाच घोटीव इंग्रजीत लिहिलेले, पदार्थाचे नाव न घेणारे.

खरे अभिप्राय मिळणे अवघड, कारण समाधानी मराठी गिऱ्हाईक फार तर मान डोलावते. लिहायला बसतो तो चिडलेला. त्याला मालकाने काय उत्तर दिले, हे पुढचे गिऱ्हाईक तक्रारीपेक्षा लक्षपूर्वक वाचते. ‘तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हतात’ असे भांडण मांडणाऱ्यापेक्षा ‘त्या दिवशी कारागीर रजेवर होता, शिवण पुन्हा घालून देतो’ असे लिहिणारा टिकतो.

व्हॉट्सॲप

छोट्या धंद्याचे खरे दुकान आज येथे आहे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये पत्ता, वेळा, मालाची यादी आणि ठरलेली उत्तरे ठेवता येतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण तो पोहोचतो फक्त त्यांनाच ज्यांनी विक्रेत्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे. ही अट जाचक वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळेच हे माध्यम भिशीच्या जवळ येते. नंबर जपून ठेवणे हाच गिऱ्हाइकाने दिलेला होकार.

कोकणातला आंबा हे याचे ठळक उदाहरण. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. अनेक बागायतदार वाशीच्या बाजारात पेटी पाठवून दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट पाहण्याऐवजी थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत माल देतात. सोसायटीतला एक जण ग्रुपवर नावे गोळा करतो, टेम्पो एका फेरीत वीस पेट्या उतरवतो. पहिल्या वर्षी डागी फळ निघाले आणि बागायतदाराने कुरकुर न करता बदलून दिले, तर पुढच्या चैत्रात ग्रुप स्वतःहून विचारतो. परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणाऱ्यांनाही हीच वाट मोकळी आहे, हे या पद्धतीचे दुखणे.

बचत गटांची विक्रीही अशीच दुपेडी. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे ग्रामीण उपजीविकेसाठीचे ‘उमेद’ अभियान यांनी गट बांधले, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतून शहरी गिऱ्हाईक समोर आणले. प्रदर्शनात चटणी विकत घेणारी बाई पुन्हा मागवेल की नाही, हे पिशवीवर नंबर छापला आहे का यावर ठरते. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांकही हवा. शहरातली गिऱ्हाइके आता तो पाहतात.

या मोकळेपणाचा फायदा ठगही घेतात. नेहमीची युक्ती अशी: लष्करातला अधिकारी म्हणून फोन येतो, मोठी ऑर्डर दिली जाते, आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगितले जाते. स्कॅन करून यूपीआयचा पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. मिठाईवाले आणि केटरर या जाळ्यात जास्त सापडतात, कारण शंभर डब्यांची ऑर्डर त्यांना अशक्य वाटत नाही.

खुल्या व्यापारजाळ्यासाठी ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसीकडून (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) किराणा दुकानांना मोठ्या आशा होत्या. तिथे विकायचे तर मालाची नेटकी यादी आणि साठ्याचा रोजचा हिशेब लागतो, आणि गल्लीतल्या दुकानात तो मालकाच्या डोक्यात असतो.

मालकी

ऑनलाइन ओळखीचा एक भाग दुकानदार क्वचितच पाहतो: ती कोणाच्या नावावर आहे. नोंद पुष्कळदा भाच्याने, माजी नोकराने किंवा जाहिरात करून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून केलेली असते. तो दुरावला की नंबर बदलता येत नाही, जुनी जागा नकाशावर तशीच राहते, आणि गिऱ्हाईक बंद शटरपाशी जाऊन परत फिरते. गूगलकडे मालकीची मागणी करता येते. सध्याच्या नोंदधारकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, आणि उत्तर न आल्यास दुकानदाराला स्वतः पडताळणी करून ताबा मागता येऊ शकतो. त्यासाठी पाटी, दुकानाचा आतला भाग आणि रस्ता दाखवणारा व्हिडिओ मागितला जातो. गाळ्याचा भाडेकरार आणि वीजबिल जिथे ठेवतात, तिथेच या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लिहून ठेवणारे दुकानदार अजून थोडे आहेत.