कंपनी बुडाली, उधारी अडकली: दावा कसा लावायचा आणि तो का फेटाळला जातो

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद पडली की माल पुरवणारे आणि कामगार आधी मालकाच्या बंगल्यावर जातात. राग समजण्यासारखा आहे, पण कायद्याने ते देणं कंपनीचं आहे, मालकाचं नाही. संचालकाने वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, न वटलेल्या चेकवर त्याची सही असेल किंवा फसवणूक सिद्ध करता येत असेल, तरच हात त्याच्यापर्यंत पोचतो. बाकी सगळी वसुली कंपनीकडे उरलेल्या मालमत्तेतून, आणि त्या रांगेत आपलं नाव लागावं म्हणून जो अर्ज करायचा तो म्हणजे दावा, सगळे ज्याला क्लेम म्हणतात. अर्ज अवघड नाही. तरीही खरी उधारी असलेले लोक त्यात हरतात, आणि बहुतेक वेळा तारखेवर किंवा नावावर हरतात.

आधी कंपनीची अवस्था पाहा

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की स्थिती दिसते. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' असेल तर दाराला कुलूप असलं तरी कायद्याच्या लेखी कंपनी जिवंत आहे आणि दावा घ्यायला अजून कोणी नेमलेलं नाही. नादारी व दिवाळखोरी संहितेखाली तुम्ही स्वतः मागणी नोटीस देऊन १० दिवसांनी कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, जाऊ शकता. पण त्यासाठी थकबाकी किमान १ कोटी लागते. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. आज आठ-दहा लाख अडकलेल्या लहान कारखानदाराला हे दार बंदच आहे. त्याच्यासाठी दिवाणी दावा किंवा सूक्ष्म व लघु उद्योगांची सुविधा परिषद. दोन्हीकडे तीन वर्षांची मुदत डोक्यावर असते, हे विसरू नका. "देतो, देतो" हे फोनवरचं बोलणं मुदत वाढवत नाही. सहीचं पत्र किंवा कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेलं देणं वाढवू शकतं.

'स्ट्राइक ऑफ' दिसलं तर कंपनी नोंदवहीतून काढली गेली आहे. लोक इथेच आशा सोडतात, पण पैसे येणं असलेला धनको आणि कामगार दोघांनाही राजपत्रातल्या सूचनेपासून २० वर्षांच्या आत कंपनी पुन्हा नोंदवण्यासाठी एनसीएलटीकडे अर्ज करता येतो. खर्च परवडेल का, हा हिशोब मात्र आधी करा.

'सीआयआरपी' (दिवाळखोरीचा पहिला टप्पा, कंपनी वाचवायला नवा मालक शोधण्याचा) किंवा 'लिक्विडेशन' (दुसरा टप्पा, मालमत्ता विकून देणी वाटण्याचा) असं काही दिसलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तारीख: सगळ्यात जास्त दावे इथे पडतात

न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की कारभार संचालकांकडून जातो आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आरपी, येतो. नेमणुकीपासून तीन दिवसांत त्याने जाहीर सूचना द्यायची आणि दाव्याची शेवटची तारीख नेमणुकीपासून १४ दिवसांची ठेवायची. म्हणजे सूचना छापून येईपर्यंत त्यातले तीन दिवस गेलेलेही असू शकतात. सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते, पण कुठल्या? कंपनीचं नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालय जिथे आहे तिथल्या. कार्यालय गुरुग्रामला असेल तर सूचना तिथल्या पेपरात, आणि तुम्ही चाकणमध्ये वाट बघत बसलेले. तुमच्या पत्त्यावर वेगळी नोटीस येईलच, या भरवशावर राहू नका. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर जाहीर सूचनांची यादी असते. ज्या गिऱ्हाईकाचे चेक मागे-पुढे होऊ लागलेत त्याचं नाव तिथे दर पंधरा दिवसांनी शोधा.

१४ दिवस हुकले तर? उशिराचा दावा घेतला जातो: प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस, किंवा आरपीने खरेदीदारांकडून कंपनी घेऊन देणी फेडण्याची योजना मागवण्याची तारीख, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत. ९० दिवसांनंतर लावलात तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं. हे ९० दिवस न्यायाधिकरणाच्या दाखल आदेशापासून मोजायचे; तुम्हाला कळलं त्या दिवसापासून किंवा पेपरातल्या सूचनेपासून नाही. त्यानंतर दरवाजा फार अरुंद होतो आणि न्यायाधिकरणाच्या मर्जीवर राहतो. आणि योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेला दावा कायमचा संपतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, आणि सरकारी करांनाही त्यातून सवलत दिलेली नाही. कोणाला हे ऐकवत नाही, पण नवा मालक तुमचं जुनं बिल बघायला बांधील नाही.

नाव आणि नमुना

बोर्डावरचं नाव आणि कायद्यातलं नाव वेगळं असतं. एकाच आवारात, एकाच गेटमधून दोन-तीन भगिनी कंपन्या चालतात. ऑर्डर एकीची, बिल दुसरीच्या नावे, पैसे तिसरीच्या खात्यातून. दिवाळखोरी एकाच कंपनीची असते आणि आरपी फक्त तिच्याच नावाची बिलं धरतो. प्रत्येक बिलावरचं नाव आणि जीएसटी क्रमांक सूचनेतल्या नावाशी ताडून पाहा. जे दुसऱ्या कंपनीचं आहे त्याची वसुली तिच्याकडेच वेगळी करायची आहे, ते या दाव्यात कोंबू नका. एका चुकीच्या बिलामुळे आरपी उरलेल्यांकडेही संशयाने पाहतो.

नमुन्यांची, म्हणजे दाव्याच्या फॉर्मची, अक्षरं तर डोकं फिरवतात. दिवाळखोरीच्या पहिल्या टप्प्यात पुरवठादाराचा नमुना 'बी', बँकेचा 'सी', कामगार-कर्मचाऱ्याचा 'डी'. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली की अक्षरं सरकतात: पुरवठादाराचा 'सी', बँकेचा 'डी', कर्मचाऱ्याचा 'ई'. जुना नमुना डाउनलोड करून ठेवलेला माणूस दुसऱ्या टप्प्यात तोच भरतो आणि परत येतो. हे असं ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा रांगेत उभं करायला हवं. तुम्ही एकच करा: जाहीर सूचनेत जो नमुना सांगितलाय तोच घ्या.

लिक्विडेशन सुरू झालं की ३० दिवसांची नवी मुदत असते. पहिल्या टप्प्यात दावा लावला होता आणि पुन्हा लावला नाही, तर जुना दावा विचारात घेण्याची तरतूद आहे. तरी मी पुन्हा लावायलाच सांगतो. जेट एअरवेजचं प्रकरण जून २०१९ मध्ये दाखल झालं आणि लिक्विडेशनचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आला. मधल्या काळात माणसांचे ईमेल, बँक खाती, पत्ते बदलतात.

जो कागद कोणाकडेच नसतो

खरेदी ऑर्डर, बिलं, लेजर, डिलिव्हरी चलन, बँक स्टेटमेंट, पॅन आणि रद्द केलेला चेक. हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते माल मिळाल्याच्या पावतीवर. आरपी म्हणतो, माल पोचल्याचं दाखवा. चलनावर सही नसते, स्टोअरवाला नोकरी सोडून गेलेला असतो आणि बॅलन्स कन्फर्मेशनच्या, म्हणजे बाकी मान्य असल्याच्या, पत्रावर कंपनीने कधी सही केलेलीच नसते.

अशा वेळी जीएसटीआर-१ आणि ३बी या तुमच्या जीएसटी विवरणपत्रांतल्या नोंदी आणि ई-वे बिलं जोडा. नियमांत त्यांचा पुरावा म्हणून उल्लेखच आहे. दुसरी जागा आहे तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या टीडीएसचं आयकर खात्याचं विवरण. कंपनीने तुमच्या बिलावर टीडीएस कापून भरला असेल तर तिने ते बिल स्वतःच्या खात्यात धरलं होतं, याचा तो चांगला पुरावा. मालाच्या प्रतीबद्दल आधी वाद झाला असेल तर तो पत्रव्यवहारही जोडा. लपवला तर आरपीला कंपनीच्या फायलीत सापडतोच.

व्याज लोक हौसेने लावतात. बिलाच्या तळाशी छापलेलं २४ टक्के व्याज खरेदी ऑर्डरमध्ये नसेल तर बहुधा कापलं जातं. आकारणीही दाखल आदेशाच्या तारखेपर्यंतच. त्यापुढचे दिवस धरू नका. कंपनीचं तुमच्याकडे काही येणं असेल, आगाऊ रक्कम किंवा साचा, तर तेही नमुन्यात लिहायचं असतं.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. 'फुल अँड फायनल'चं, म्हणजे शेवटच्या हिशोबाचं, पत्र आणा म्हणतात. ते देणारा एचआर विभागच उरलेला नसतो. नेमणूक पत्र, शेवटच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक एवढ्यावर दावा उभा राहतो. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, नोटीस काळाचा पगार वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकत्र आकडा टाकू नका. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर कामावर असाल तर त्या काळाचा पगार दाव्यात घालायचा नाही; तो प्रक्रियेच्या खर्चात येतो आणि आरपीकडे सरळ मागायचा. कंत्राटदारामार्फत असलेल्यांनी आधी कंत्राटदाराला त्याचा दावा लावायला लावा.

फेटाळला तर

पहिल्या टप्प्यात आरपीचा निर्णय पटला नाही तर एनसीएलटीकडे अर्ज. लिक्विडेशनमध्ये मात्र लिक्विडेटरचा, म्हणजे त्या टप्प्यात दावे तपासणाऱ्याचा, निर्णय मिळाल्यापासून फक्त १४ दिवसांत अपील. हा निर्णय ईमेलवर येऊ शकतो, तेव्हा स्पॅमचा कप्पाही रोज उघडा. कमी रक्कम मंजूर होणं म्हणजेही अर्धा नकारच. त्यालाही तीच मुदत लागू.

प्रक्रिया चालू असताना कंपनीवर कोर्टात नवा दावा, जप्ती काहीच चालत नाही. चेक न वटल्याचा खटलाही कंपनीपुरता थांबतो, पण सही करणाऱ्या संचालकांवर चालू राहतो. २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे, आणि वकील हे सांगायला विसरतात.

हाती काय येईल

लिक्विडेशनमध्ये आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, बिनतारणी कर्जदाते, सरकार, आणि त्याखाली पुरवठादार. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम या रांगेत येतच नाही, ती बाहेर ठेवली जाते. म्हणून पीएफची तक्रार ईपीएफओकडे स्वतंत्र करा. पुरवठादारांना बऱ्याच वेळा फार थोडं मिळतं, कधी काहीच नाही. तरी दावा लावाच, कारण योजनेत काही वाट्याला आलं तर ते नोंदलेल्यांनाच येतं.

बुडालेल्या बिलावर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळत नाही. आयकरात मात्र ती रक्कम खात्यात बुडीत म्हणून लिहिली तर वजावट मिळू शकते, त्या वर्षीचं काम सीएकडून वेळेत करून घ्या. बँक खातं बदललं असेल तर तेही आरपीला लेखी कळवा, कारण न घेतलेलं वाटप शेवटी सरकारी खात्यात जातं.