गोणी उचलताना कंबर धरली, मग सुया टोचून घ्याव्यात का?

माझा मावसभाऊ भिवंडीला गोदामात कामाला आहे, गेल्या पावसाळ्यात गोणी उचलताना अशी चमक भरली की खाली बसला तो उठेचना. गोळ्या, बाम, शेक सगळं झालं, तीन महिने गेले तरी रात्री कूस बदलली की कळ यायचीच. मग कुणीतरी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, सुचवला आणि त्याने मला फोन केला, ताई यात खरंच काही असतं का गं?

मी सोबत गेले. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. डॉक्टरांनी नवीन सीलबंद पाकीट फोडलं, सुई आत सरकवून दोन बोटांत हलकेच फिरवली, तर हा म्हणतो टोचत नाहीये, आत जड जड वाटतंय. सुई फिरवली की कातडीखालचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात, चातीवर सूत बसावं तसे. 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की सुईच्या आसपास ॲडिनोसिन नावाचं रसायन वाढतं आणि ते वेदनेचा निरोप मंद करतं. माणसाच्या कंबरेत हेच होतं असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीतला मोठा अभ्यास, 2007 सालचा, जुनाट कंबरदुखीचे 1162 पेशंट. काहींना चिनी पद्धतीच्या ठरलेल्या बिंदूंवर सुया, काहींना भलत्याच जागी नुसत्या वरवर, आणि बाकीच्यांना औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी बऱ्यापैकी फरक पडलेले लोक किती, तर खऱ्या सुयांचे 47.6 टक्के, खोट्या सुयांचे 44.2 आणि नेहमीच्या उपचाराचे 27.4. म्हणजे बिंदू नेमका कुठला याला फारसं महत्त्व दिसत नाही, पण सुया घेतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आराम पडला हेही खरंच. यात अपेक्षेचा वाटा असणार, कारण आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे तिसऱ्या गटाला माहीतच होतं. म्हणूनच तज्ज्ञांचं एकमत नाही, कुठला उपचार द्यावा हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला हे देऊ नका म्हटलं आणि अमेरिकेचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी 90 दिवसांत 12 वेळा याचे पैसे देतो.

माझं मत विचाराल तर जरूर करून बघा, पण आधी तपासणी. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर सुया-बिया सोडा, तडक हॉस्पिटल गाठा. आणि दुखणं कमी झालं की झोपून राहू नका, त्याच दिवसांत चालणं आणि व्यायाम वाढवायचा, नाहीतर मिळालेला आराम वाया जातो.

मूळ भानगड तर तरफेची आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण पाचच सेंटीमीटरवरून ओढतात, त्यामुळे 20 किलोचं ओझं अर्धा मीटर पुढे धरलं की त्यांना दहापट, म्हणजे 200 किलोइतका जोर लावावा लागतो, वाकल्यावर स्वतःच्या धडाचा भार तो वेगळाच, आणि हे गणित कुठलीच सुई बदलत नाही.

आठ वेळा सुया झाल्यावर भाऊ रात्री सलग झोपायला लागला. आता तो गोणी पोटाशी धरूनच उचलतो आणि लांब न्यायची असेल तर ढकलगाडी मागतो, मुकादमाने ती अजून दिलेली नाही.