लांबत्या रात्री आणि मेंढ्यांचा कळप

समशीतोष्ण प्रदेशातला छोटा मेंढीपालक शरद ऋतूतल्या सकाळी कुरणात पाऊल टाकतो, तेव्हा त्याची नजर प्रथम मेंढ्यांच्या पाठीच्या मागल्या भागाकडे जाते. रात्रीतून कोणाच्या लोकरीवर रंग उमटला, हे त्याला पाहायचे असते. नराला कळपात सोडण्यापूर्वी त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासतात किंवा रंगाची वडी पट्ट्याने बांधतात. तो मेंढीवर चढला की तो रंग तिच्या पाठीवर उतरतो. नोंदवहीत मेंढीचा क्रमांक आणि तारीख लिहिली, की गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा धरून वसंतात ती कोणत्या आठवड्यात विणार याचा हिशेब त्याच दिवशी मांडता येतो.

गारवा वाढल्यामुळे मेंढ्या माजावर येतात, असा समज सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्यांचे शरीर मोजत असते ती रात्रीची लांबी. डोळ्यांच्या पडद्यावर पडणाऱ्या उजेडाची खबर मेंदूतल्या जैविक घड्याळामार्फत पिनिअल ग्रंथीपर्यंत पोहोचते आणि ही ग्रंथी फक्त अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. जेवढी रात्र मोठी, तेवढा वेळ मेलाटोनिन रक्तात राहते. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत मेंढीच्या अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन तिच्याच मेंदूतील प्रजननाच्या केंद्राला घट्ट आवरून धरते; रात्री लांबू लागल्या की हा आवर सैल पडतो, मेंदूकडून अंडाशयाला जाणाऱ्या संप्रेरकांच्या लहरी वारंवार उठू लागतात आणि कित्येक महिने निपचित असलेले अंडाशय जागे होते. यीट्स या संशोधकाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कृत्रिम उजेडाने दिवसाची लांबी उलटी केली, तेव्हा मेंढ्यांचा प्रजननकाळही उलटला. एखादे वर्ष उबदार जाईल, एखादे ढगाळ. रात्रीची लांबी मात्र दर वर्षी ठरलेल्या क्रमानेच वाढते. कोकरे कोवळ्या गवताच्या दिवसांतच जन्मावीत यासाठी याहून भरवशाचा संकेत निसर्गात दुसरा असेल, असे मला वाटत नाही.

ऋतूच्या तोंडाशी, म्हणजे मेंढ्या अजून माजाच्या उंबरठ्यावर असताना, नराचाही या घड्याळावर परिणाम होतो. काही आठवडे मेंढ्यांना नर दिसला नाही, त्याचा वासही आला नाही आणि मग तो अचानक समोर आला, तर त्याच्या लोकरीच्या वासाने काही मिनिटांतच त्यांच्या रक्तातील संप्रेरके वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बीजांड सुटते. हे पहिले बीजांड बहुधा माजाविना, मुक्यानेच सुटते. खरा माज त्यानंतर सुमारे १७ दिवसांनी येतो. एकट्याने रात्र-रात्र जागून मेंढ्यांची बाळंतपणे सांभाळणाऱ्या माणसासाठी याचे मोल मोठे आहे, कारण बऱ्याच मेंढ्या एकाच सुमारास फळल्या तर जागरणाचे दिवसही थोडक्यात आटोपतात.

नराची तपासणी याच्या बरीच आधी व्हायला हवी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला आलेल्या तापाचे परिणाम ऐन शरदात दिसू शकतात.

लोकरीखालची मेंढी जाड की रोड, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी हातच लागतो. शेवटच्या बरगडीमागे, कमरेवर बोटे दाबून मणक्याची टोके किती टोचतात आणि त्यांवर मांस-चरबीचा थर किती आहे हे चाचपायचे आणि १ ते ५ असे गुण द्यायचे. नर सोडताना मेंढी ३ ते ३.५ गुणांच्या आसपास असावी. रोडावलेल्या मेंढ्यांना त्यापूर्वी दोन-तीन आठवडे चांगल्या कुरणात चारले, तर अनेकदा एकाऐवजी दोन बीजांडे सुटतात आणि जुळ्यांची शक्यता वाढते. मात्र शरदातले गवत दिसायला कितीही हिरवेगार असले, तरी त्यात पाणी जास्त आणि कमी उन्हामुळे साखर कमी असते. मेंढीचे पोट भरते, पण अंगी फारसे लागत नाही. म्हणून जोडीला वाळलेले गवत किंवा थोडे धान्य द्यावे लागते, आणि तेही हळूहळू वाढवत, कारण पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात. एकदम भरपूर धान्य दिले, तर तिथे आम्ल साचून मेंढी दगावू शकते. लाल क्लोव्हरच्या कुरणापासून या काळात कळप दूर ठेवतात, कारण त्या वनस्पतीत इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात क्लोव्हरच्याच दुसऱ्या एका जातीवर चरणाऱ्या मेंढ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर वांझपण आले, तेव्हा हा धोका ध्यानात आला.

ओल्या जमिनीमुळे खुरांच्या बेचक्यातली कातडी मऊ पडते आणि खूर सडवणाऱ्या जिवाणूंना वाट मिळते. लंगडणारी मेंढी दिसताच बाजूला काढून उपचार करावेत. सगळ्यांचे खूर सरसकट कापल्याने मात्र जखमाच वाढतात.

फळलेल्या मेंढीचा गर्भ पहिले दोन आठवडे गर्भाशयाला न चिकटता आत मोकळाच तरंगत असतो. १२-१३ व्या दिवसाच्या सुमारास तो इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन स्रवून आपल्या अस्तित्वाची खूण आईच्या शरीराला देतो. ही खूण वेळेवर पोहोचली नाही, तर १७ दिवसांचे चक्र पुन्हा सुरू होते आणि मेंढी परत माजावर येते. म्हणूनच या दिवसांत कळपामागे कुत्रे लावत नाहीत, मेंढ्यांना गाडीत घालून दूर नेत नाहीत आणि शक्यतो त्यांना दाटीवाटीने कोंडतही नाहीत. नराच्या छातीचा रंग दर १६-१७ दिवसांनी बदलतात, आधी फिका आणि मग गडद. एखाद्या पाठीवर दुसरा रंग चढला, तर तो गर्भ टिकला नाही किंवा मुळात राहिलाच नाही, असे समजायचे. बहुतेक पाठींवर दुसरा रंग दिसू लागला, तर नर बदलायची वेळ आली. पाच आठवड्यांनी नराला बाहेर काढतात, तेव्हा ज्यांच्या पाठीवर पहिलाच फिका रंग पावसाने पुसट होत चाललेला असतो, त्या मेंढ्यांना मेंढीपालक नोंदवहीत गाभण म्हणून लिहून ठेवतो.