डेस्मोप्रेसिन आणि रक्तस्राव

डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे कृत्रिम भावंड. मूळ रेणूत दोनच फेरफार केलेले असल्याने लघवी रोखण्याचा गुण टिकला आणि रक्तदाब चढवण्याचा गुण जवळजवळ गेला. पाण्यासारखी लघवी सतत होणाऱ्या विकारावर ते दिले जाते. रक्तस्रावावरचा उपयोग मात्र १९७७ मध्ये पुढे आला : इटलीत पिएर मान्नुच्ची आणि सहकाऱ्यांनी सौम्य हिमोफिलिया ए व व्हॉन विलेब्रँड विकार (दोन्ही रक्त लवकर न थांबण्याचे आजार) असलेल्यांना दात काढताना ते दिले.

डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द कोल्हापुरात घराघरात पोचला आहे, म्हणून आधीच सांगितलेले बरे : या औषधाने प्लेटलेटची संख्या वाढत नाही. ते काम करते रक्तवाहिनीच्या अस्तरावर. तिथल्या पेशींत साठलेला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर औषध मिळताच रक्तात उतरतो आणि प्लेटलेटना फाटलेल्या जागी डिंकासारखा धरून ठेवतो. हिमोफिलिया ए मध्ये कमी असणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ ला सांभाळणाराही तोच, त्यामुळे त्याचीही पातळी चढते. किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम औषध सलाइनमधून अर्ध्या तासात दिले, की तासाभरात दोन्ही घटक बहुधा दुप्पट ते पाचपट होतात. दात्याचे रक्त लागत नाही, ही मोठी सोय. पण साठा संपतो. लागोपाठ डोस दिले, की परिणाम उतरत जातो.

साठा मुळातच नसेल तर औषध काय करणार? व्हॉन विलेब्रँडच्या प्रकार ३ मध्ये आणि तीव्र हिमोफिलिया ए मध्ये ते निरुपयोगी; हिमोफिलिया बी मध्येही, कारण तिथे फॅक्टर ९ कमी असतो. प्रकार २बी मध्ये तर उलटाच धोका : प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांची संख्या घसरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या तारखेआधी चाचणी-डोस देऊन पातळी मोजतात. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या प्लेटलेट मोजणीत पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत. अशा रुग्णाच्या बायोप्सीआधीही ते वापरतात.

चेहरा लाल होणे, डोके दुखणे हे किरकोळ त्रास. खरी भीती सोडियम उतरण्याची, कारण लघवी अडते आणि प्यायलेले पाणी अंगातच राहते. लहान मुलांना त्यातून झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालील बाळांना सहसा देतच नाहीत. डोसनंतर साधारण २४ तास ‘पाणी कमी’ म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. चहा, ताक, सोलकढी आणि वाटीवर वाटी रिचवला जाणारा पांढरा रस्साही त्या हिशेबात धरायचा, हे नातेवाइकांना नावे घेऊनच सांगावे लागते.

तालमींच्या या शहरात आणखी एक गोष्ट कामाची. वारंवार घोळणा फुटणाऱ्या, खरचटले तरी रक्त लवकर न थांबणाऱ्या पोराला ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देण्यापेक्षा रक्ततपासणी करावी. डेस्मोप्रेसिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे; त्याने रक्त पातळ होऊन इतर गैरप्रकार झाकले जाऊ शकतात. त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाला ते घ्यावे लागणार असेल, तर वैद्यकीय कारणासाठीची सूट मागावी लागते.