काउंटीचा ॲम्ब्युलन्स प्रमुख : इंग्लंडमधल्या एका पदाची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर २००७ रोजी स्टॅफर्डशायर ॲम्ब्युलन्स सर्व्हिस शेजारच्या वेस्ट मिडलँड्सच्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. लंडन आणि आइल ऑफ वाइट सोडले, तर एकाच काउंटीपुरती, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यापुरती, स्वतंत्र राहिलेली इंग्लंडमधली ती शेवटची रुग्णवाहिका सेवा होती. तिच्याबरोबर एक पदही इतिहासजमा झाले. आपल्या काउंटीतले रस्ते, डेपो, रुग्णालये आणि माणसे ठाऊक असलेला, आणि रात्री-बेरात्री काही बिनसले तर ज्याला जाब विचारता येई असा काउंटीचा ॲम्ब्युलन्स प्रमुख त्यानंतर उरला नाही.

या पदाचे नाव गेल्या शतकात एकाहून अधिक वेळा बदलले. प्रत्येक बदलामागे एकच प्रश्न होता, असे मला वाटते: रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला पोहोचवणारी गाडी की रुग्णाच्या दारात आलेला उपचार? उत्तर बदलत गेले तसा त्या खुर्चीवर बसणारा माणूसही बदलत गेला.

सुरुवातीला अशी खुर्चीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये देवी आणि तापाच्या रुग्णांना हलवण्यासाठी घोडागाड्या होत्या. उद्देश रुग्णाला बरे करण्याइतकाच त्याला वस्तीतून दूर नेण्याचा होता. इतर शहरांत हे काम कुठे पोलिसांकडे, कुठे अग्निशमन दलाकडे, तर कुठे एखाद्या रुग्णालयाकडे असे. खेड्यापाड्यांत काहीच नव्हते. पहिले महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या वापरून झालेल्या मोटारगाड्या मोकळ्या झाल्या, आणि रेड क्रॉस व सेंट जॉन या स्वयंसेवी संस्थांनी त्या ग्रामीण काउंट्यांत नेऊन ठेवल्या. चालक बहुधा स्वयंसेवक असत आणि पुष्कळ ठिकाणी गाडीचे भाडे पडे. म्हणजे पाय मोडलेल्या शेतमजुराच्या घरच्यांना आधी पैशांची जुळवाजुळव करावी लागे.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि हे चित्र पालटले. १९४६ च्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने रुग्णवाहिका पुरवणे हे स्थानिक आरोग्य प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले, आणि तेही विनामूल्य. हे प्राधिकरण म्हणजे काउंटी कौन्सिल किंवा काउंटी बरो. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगायचे तर काउंटी कौन्सिल साधारण जिल्हा परिषदेसारखी, आणि काउंटी बरो म्हणजे त्याच जिल्ह्यातली, पण कारभार वेगळा असलेली महानगरपालिका. त्यामुळे शहराची सेवा एकाकडे आणि वेशीबाहेरच्या गावांची दुसऱ्याकडे, अशी विभागणी झाली.

याच काळात ‘काउंटी ॲम्ब्युलन्स ऑफिसर’ हे पद रुजले. तो कौन्सिलचा नोकर होता आणि त्याच्या डोक्यावर काउंटीचा मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे आरोग्य अधिकारी, असे. गाड्या, पेट्रोल, टायर, पाळ्या आणि डेपो बघायचे हे त्याचे काम. रुग्णाविषयी बोलायचा अधिकार डॉक्टरांचा. अनेक काउंट्यांनी तर सेवा स्वतः चालवलीच नाही. ती सेंट जॉनसारख्या संस्थांकडून करून घेतली, आणि बसून जाऊ शकणाऱ्या रुग्णांसाठी स्वतःची मोटार घेऊन येणारे स्वयंसेवक वापरले. त्यांना मैलांच्या हिशेबाने खर्च मिळे.

पैशांची ओढाताण पहिल्या वर्षापासूनच होती. गाडी बोलावणारे डॉक्टर आणि रुग्णालये एनएचएसच्या दुसऱ्या शाखांत होती, बिल मात्र काउंटीच्या नावावर पडे. सरकार निम्मे अनुदान देई, उरलेले निम्मे स्थानिक करातून निघे. तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागात जाणाऱ्यांच्या फेऱ्या झपाट्याने वाढल्या. या अधिकाऱ्याचा बराच वेळ खरोखरीच गाडी लागणारे रुग्ण कोण आणि बसने जाऊ शकतील असे कोण, या वादात जाई. त्याला कारकुनी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी गाडी मोकळी असणे याच कामावर अवलंबून होते.

८ ऑक्टोबर १९५२ च्या सकाळी मिडलसेक्स काउंटीतल्या हॅरो अँड वील्डस्टोन रेल्वे स्थानकात तीन आगगाड्यांची टक्कर झाली. ११२ माणसे गेली. काउंटीच्या रुग्णवाहिका धावून आल्या आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे केले: जखमीला उचलायचे, गाडीत घालायचे आणि रुग्णालय गाठायचे. जवळच्या तळांवरून अमेरिकी हवाई दलाचे एक वैद्यकीय पथकही आले. त्यांची पद्धत निराळी होती. त्यांनी फलाटावरच जखमींची प्रतवारी केली, तिथेच प्लाझ्मा चढवला आणि ज्याची प्रकृती सावरली त्यालाच पुढे पाठवले. त्या पथकातल्या ॲबी स्वीटवाइन या आफ्रिकी-अमेरिकी परिचारिकेने कोणाला औषध दिले आहे हे कळावे म्हणून लिपस्टिकने जखमींवर खुणा केल्या. वृत्तपत्रांनी तिला फलाटावरची देवदूत म्हटले. काउंटीच्या माणसांच्या धावपळीत काही कमी नव्हते. कमी होते ते प्रशिक्षण, आणि ते देण्याचा अधिकार त्यांच्या प्रमुखाकडे नव्हता.

हा धडा कागदावर यायला चौदा वर्षे लागली. १९६६ आणि १९६७ मध्ये मिलर समितीचा अहवाल दोन भागांत आला आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी देशभर एकसारखे प्रशिक्षण व साहित्य असावे अशी शिफारस झाली. तोवर प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि वाहन चालवण्याचा परवाना एवढ्यावर भागत असे. त्याच सुमारास बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णासाठी डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पुन्हा सुरळीत करणारे यंत्र, गाडीत बसवला. त्यांच्या गाडीत डॉक्टर असे. पुढचे पाऊल ब्रायटनमध्ये पडले. १९७१ च्या सुमारास डग्लस चेंबरलेन या हृदयरोगतज्ज्ञांनी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनाच ईसीजी वाचायला आणि डिफिब्रिलेटर वापरायला शिकवले. ब्रिस्टॉलकडे पीटर बास्केट हे भूलतज्ज्ञ असेच काम करत होते. इंग्लंडमधले पॅरामेडिक इथून घडले.

या प्रयोगांचे श्रेय डॉक्टरांना मिळते आणि ते रास्तच आहे. पण पाळीवरची माणसे वर्गात पाठवायची तर त्यांच्या जागी दुसरी उभी करावी लागतात आणि नव्या यंत्राचा खर्च कौन्सिलच्या समितीपुढे पटवून द्यावा लागतो. तो भार स्थानिक ॲम्ब्युलन्स प्रमुखाच्या अंगावर असे. जिथे तो उत्साही होता तिथे गाडीत डिफिब्रिलेटर लवकर आला. जिथे नव्हता तिथल्या लोकांना पुढची दहा-पंधरा वर्षे नुसते स्ट्रेचर मिळाले. काउंटी पद्धतीचे बळ आणि तिचा अन्याय या एकाच गोष्टीत दिसतात.

१ एप्रिल १९७४ रोजी सेवा कौन्सिलांकडून काढून एनएचएसकडे दिली गेली. १४२ सेवांच्या ५३ झाल्या. काउंटी बरो संपले, शहर आणि खेडी एका छत्राखाली आली, आणि बहुतेक काउंट्यांत पहिल्यांदाच सबंध काउंटीचा एक चीफ ॲम्ब्युलन्स ऑफिसर बसला. अंगात गणवेश, खांद्यावर पदचिन्हे, मोठ्या दुर्घटनेच्या जागी पोलीस आणि अग्निशमन प्रमुखांच्या बरोबरीने उभे राहण्याचा मान. पुष्कळसे प्रमुख चालक म्हणून भरती होऊन पायरीपायरीने वर आलेले होते. आरोग्य अधिकाऱ्याची जुनी जागाही त्याच फेररचनेत गेली. डोक्यावरचा डॉक्टर गेल्यामुळे ॲम्ब्युलन्स प्रमुखाचे वजन वाढले. मात्र १९८२ मध्ये एनएचएसची पुन्हा मोडतोड झाली तेव्हा त्याची सेवा काउंटीतल्या एखाद्या जिल्हा आरोग्य प्राधिकरणाच्या दावणीला बांधली गेली, आणि रुग्णालयांच्या खर्चापुढे तिचा नंबर नेहमी मागे लागला.

काउंटीची हद्द अपघाताला कळत नाही, हे ८ जानेवारी १९८९ च्या रात्री दिसले. केगवर्थ या गावाजवळ एक प्रवासी विमान एम-१ महामार्गाच्या बांधावर कोसळले. १२६ जणांपैकी ४७ दगावले. गाव लेस्टरशायरचे, पण डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरच्या सीमा अगदी लगत. तिन्ही काउंट्यांतली मदत धावली आणि जखमी तिन्हीकडच्या रुग्णालयांत गेले. अशा वेळी तीन प्रमुखांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी बसून ठरवलेले असावे लागते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशभरातल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचे आंदोलन सुरू झाले आणि ते १९९० च्या वसंतापर्यंत चालले. पोलीस आणि अग्निशमन दलाला पगार ठरवण्याचे सूत्र मिळते, मग आम्हाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क सूत्र द्यायला तयार नव्हते. कर्मचारी तातडीचे कॉल घेत, इतर कामे नाकारत. ठिकठिकाणी त्यांना निलंबित केले गेले आणि पोलिसांच्या व लष्कराच्या गाड्या रस्त्यावर आल्या. कर्मचाऱ्यांच्या बाजूने ४० लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. पगारवाढ मिळाली, सूत्र मिळाले नाही. यात सर्वांत अवघड जागा काउंटीच्या प्रमुखाची झाली. ज्या माणसांबरोबर त्याने स्ट्रेचर उचलले होते त्यांनाच घरी पाठवण्याच्या नोटिसा त्याच्या कार्यालयातून निघत होत्या. गाडी की उपचार हा जुना प्रश्नही या भांडणात उघडा पडला, कारण चालकाचा पगार आणि उपचार करणाऱ्याचा पगार एक नसतो.

१९९० च्या कायद्याने एनएचएस ट्रस्ट आले. काउंटीची सेवा एक स्वायत्त संस्था झाली. तिला अध्यक्ष, संचालक मंडळ आणि वित्त संचालक आले. ‘चीफ ॲम्ब्युलन्स ऑफिसर’ची पाटी उतरून ‘चीफ एक्झिक्युटिव्ह’ लागली. या नव्या पदाची जोखीम लंडनने लवकरच दाखवली. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या नियंत्रण कक्षात कागदी चिठ्ठ्या आणि सरकत्या पट्ट्याच्या जागी नवी संगणक प्रणाली पूर्णपणे लागू झाली आणि काही तासांतच कोलमडली. कोणती गाडी कुठे आहे याचा पत्ता लागेना, लोक तासन्तास वाट पाहत राहिले. दोन दिवसांत चीफ एक्झिक्युटिव्ह जॉन विल्बी यांनी राजीनामा दिला. लंडनची सेवा काउंटीच्या सेवेपेक्षा कितीतरी मोठी, तरी देशातल्या प्रत्येक ॲम्ब्युलन्स प्रमुखाने तो चौकशी अहवाल स्वतःसाठी म्हणून वाचला असणार.

मग आली आठ मिनिटे. जिवावर बेतलेल्या कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांत पोहोचायचे, हे उद्दिष्ट प्रमुखाच्या कामगिरीचे मोजमाप बनले. स्टॅफर्डशायरने यात सर्वांना मागे टाकले. लष्करातून आलेले रॉजर थेन तिथले प्रमुख होते. त्यांनी अमेरिकेतल्या जॅक स्टाउट यांची पद्धत उचलली. गाड्या डेपोत उभ्या ठेवायच्या नाहीत. कोणत्या तासाला कोणत्या भागातून कॉल येण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधून त्या त्या कोपऱ्यावर आधीच उभ्या करायच्या. कर्मचाऱ्यांना त्यासाठी पाळीचे तास गाडीतच काढावे लागत, आणि ते सोसणे सोपे नव्हते. पण मदत लवकर पोहोचत होती. एका काउंटीचा प्रमुख स्वतःच्या हिमतीवर कामाची रीतच बदलू शकतो, याचा एवढा ठळक दाखला दुसरा नाही.

जून २००५ मध्ये पीटर ब्रॅडली यांचा अहवाल आला. ते लंडनच्या सेवेचे प्रमुख आणि सरकारचे सल्लागार होते. बहुतेक कॉल जीवघेणे नसतात, तेव्हा रुग्णाला उचलून आणण्यापेक्षा शक्य तिथे घरीच उपचार द्यावेत, हा त्यांचा मुद्दा होता. गाडी की उपचार या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर पहिल्यांदाच सरकारी कागदावर आले. त्यासाठी संस्था मोठ्या हव्यात असे ठरले आणि १ जुलै २००६ रोजी तीसेक ट्रस्टचे १३ झाले. केंट, सरे आणि ससेक्स एक झाले. बर्कशायर, बकिंगहॅमशायर, हॅम्पशायर आणि ऑक्सफर्डशायर एक झाले. स्टॅफर्डशायरच्या लोकांनी आपली सेवा वाचवण्यासाठी मोहीम चालवली. त्यांना सव्वा वर्षाची मुदत मिळाली.

याच काळात लंडनच्या सेवेचा धागा मुंबईपर्यंत आला. शहरात ‘१२९८’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहत होती आणि लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसने तिला मार्गदर्शन केले. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण दर द्यायचा, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याने कमी, अशी तिची रीत होती. २०१४ मध्ये महाराष्ट्रात ९३७ गाड्यांनिशी १०८ सेवा आली. तेव्हा तिचे कॉल पुण्यात औंधच्या केंद्रावर येत आणि गाडीत पॅरामेडिकऐवजी डॉक्टर असे. इंग्लंड साठ वर्षांनी ज्या एकछत्री रचनेला पोहोचले, तिथून आपण सुरुवात केली.

२०१७ मध्ये आठ मिनिटांचे उद्दिष्टही गेले. आता सर्वांत गंभीर कॉलसाठी सरासरी सात मिनिटे आणि त्याखालच्या गटासाठी, ज्यात छातीत दुखणे आणि पक्षाघात येतात, सरासरी अठरा मिनिटे धरली जातात. साउथ वेस्टर्न सेवेचे मुख्यालय एक्सेटरला आहे. तिचा प्रमुख सिली बेटांपासून ग्लॉस्टरशायरपर्यंत, इंग्लंडच्या सुमारे एक पंचमांश भूभागासाठी जबाबदार आहे. १९७३ मध्ये याच टापूत कॉर्नवॉलचा प्रमुख वेगळा होता, डेव्हनचा वेगळा आणि प्लिमथ शहराचा आणखी वेगळा.